दुसऱ्यांदा आलेली बातमी

शोभे,

तुझ्या मरणाची बातमी मला दुसऱ्यांदा आली तेव्हा मी हसले.

हे आधीच सांगून टाकते. गेले काही दिवस जो तो मला म्हणतोय, "मॅडम, रडा, मोकळ्या व्हा." आणि मला रडू येत नाही. तुझ्या वाटचं रडणं मी मागच्या उन्हाळ्यातच रडून बसले आहे.

फोन माईंचा होता, तुझ्या सासूबाईंचा. शब्दही मागचेच. "रंजना, शोभा गेली गं." मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारावीच्या प्रात्यक्षिकांची मांडामांड करत होते. फोन कान आणि खांद्यात धरून मी हसत म्हणाले, "माई, आता कुठला कावळा बसला तिच्या डोक्यावर?"

माईंच्या मागे तुझ्या स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं. कुकर नाही, झारा नाही, डब्यांची झाकणं नाहीत. ऐन सकाळी, डबे भरायच्या वेळी, तुझं घर इतकं गप्प मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग माई म्हणाल्या, "ह्या वेळी कावळा नाही गं बाई."

माझ्या हातातली परीक्षानळी मी नीट स्टँडवर ठेवली. तेवढं आठवतं.

पहिली बातमी वैशाखातली. नाशिकच्या अंबडला घराच्या गच्चीवर तू वाकून कुरडया वाळत घालत होतीस आणि कावळा येऊन तुझ्या डोक्यावर टेकला. नुसता पंख लागला, असं तू म्हणायचीस. बसला, असं माई म्हणायच्या.

"नखं लागली का?"

"लागली जराशी."

"मग बसलाच." माईंनी तिथल्या तिथे निकाल दिला.

माईंच्या माहेरी चालत आलेला नियम साधा होता. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण घर बघून गेलं. मग त्या माणसावर जीव असलेल्या कुणाला तरी 'ते गेलं' असं खोटंच कळवायचं. ऐकणारं माणूस खरं रडलं की मरणाला वाटतं, इथलं काम उरकलं, आणि ते पुढच्या वाटेला लागतं. रडणाऱ्याला आधी सांगायचं नाही. खोटं रडणं चालत नाही. आणि दिवस मावळायच्या आत खरं काय ते कळवायचं, नाहीतर बातमी अंगाला चिकटते.

तुझे आईवडील आता नाहीत. भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्याला असली बातमी देणं म्हणजे एकाला वाचवायला दुसऱ्याला ढकलणं. माईंनी तुला विचारलं, "तुझ्यासाठी खरं रडेल असं आहे कोण?" आणि तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "रंजी."

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी कळला तो फक्त माईंचा आवाज. मी स्टाफरूममध्ये होते. माईंच्या मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या मी स्वच्छ ऐकल्या. ज्या घरातलं माणूस आत्ताच गेलंय, त्या घरात कुकर कोण लावेल? मी शास्त्र शिकवते. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, असं मुलांना रोज बजावते. शिट्ट्या ऐकल्या आणि टेबलावर डोकं टेकून रडत राहिले.

रडता रडता मी ती बातमी आपल्या दहावीच्या ग्रुपवर टाकली.

हे माईंनी धरलंच नव्हतं. त्यांच्या नियमात एक माणूस रडायचं होतं. माझ्यामुळे अख्खा वर्ग रडला. सटाण्याजवळच्या आपल्या शाळेचा तो ग्रुप तूच काढलेला. लग्नानंतर नावं बदललेल्या, गावं बदललेल्या मुलींना तू एकीचं माहेर, दुसरीची नणंद असं विचारत विचारत हुडकलं होतंस. त्या ग्रुपवर आता पणत्या आल्या, जोडलेले हात आले, फुलं आली. तू मला नंतर सांगितलंस, "मी भात उतरवत होते आणि माझ्याच मोबाइलवर माझंच मरण टिंग टिंग वाजत आलं. वाचावं की वाचू नये कळेना. मग म्हटलं, बघू तरी, माझ्यामागे कोण काय बोलतं."

उन्हं कलायच्या आत तुझा फोन आला. पडद्यावर तुझं नाव दिसलं. मला वाटलं, तुझ्या नवऱ्याने, भाऊजींनी तुझ्या फोनवरून लावला असेल. उचलला तर तू, आपल्या बागलाणच्या अहिराणीत.

"रडनी का वं तू?"

मी किंचाळले.

"जित्ती शे मी, जित्ती!"

मी तुला शिव्या दिल्या. आईकडून ऐकलेल्या, आयुष्यात कधी न वापरलेल्या सगळ्या दिल्या. तू त्या शांतपणे ऐकून घेतल्यास आणि हळूच विचारलंस, "रडताना काय म्हणालीस?"

"काही नाही. नुसती रडले."

"नुसतं कोण रडतं? आपल्याकडे बाई काहीतरी बोलूनच रडते. सांग ना."

मी विषय बदलला. तुझ्यावर अंधश्रद्धेवरून घसरले. तो आपला जुनाच वाद. "शोभे, दहावीला विज्ञानात तू माझ्यापुढे होतीस," मी म्हणाले, "आणि आता कावळ्याला घाबरतेस?"

"विज्ञानात कावळा होता का धड्याला?"

"उन्हाळ्यात त्यांची पिल्लं असतात घरट्यात. म्हणून माणसांच्या डोक्यावर झडप घालतात."

"मग तसं. पिल्लांची आई होती म्हण. पण माईला रात्रभर झोप लागली नसती, ती आता लागेल. तुझ्या शास्त्रात आहे का झोपेचं औषध?"

तुझ्यावर फार वेळ चिडून राहणं मला कधी जमलं नाही. त्याचं कारण डबा.

दहावीनंतर तुझं लग्न झालं आणि तू अंबडला आलीस. मी दोन वर्षांनी बीएस्सीला नाशिकला आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. शहरात खोली घेऊन राहणं म्हणजे काय, तिथे जेवायचं कुठे, हे ना मला ठाऊक ना माझ्या आईला. तू एकदा माझ्या खोलीवर आलीस, कोपऱ्यातलं मुरमुऱ्यांचं पुडकं बघितलंस आणि काही न बोलता गेलीस. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी दुसऱ्या पाळीला जाताना वाट वाकडी करून माझ्या दारात डबा ठेवू लागले. खाली बाजरीची भाकरी, मध्ये भाजी, वरच्या पुडात गुळाचा खडा. गूळ कशाला, म्हणून मी विचारलं होतं. "शेवटचा घास गोड असला की अभ्यास कडू लागत नाही," तू म्हणालीस. पदवी हातात पडेपर्यंत तो डबा चुकला नाही.

तुझा एक हट्ट होता. मी आतून मोठ्यानं "डबा पोचला" म्हणायचं, मगच भाऊजींनी सायकल वळवायची. कारखान्यात पोचल्यावर ते गेटवरून शेजारच्यांच्या फोनवर तुला तेवढंच सांगायचे. पोचला. तोवर तू ताटावर बसायची नाहीस. माई चिडायच्या. "अगं, ती तिथे जेवेल, तू इथे जेव, भूक काय तारेनं जोडलीय?" तू म्हणायचीस, "पोचल्याचं कळल्याशिवाय घास उतरत नाही."

पुढे आजूबाजूची कारखान्यातली पोरं तुझ्याकडे डबे मागू लागली आणि त्याचाच धंदा झाला. पण पहिला डबा माझा. मी आज जी कुणी मॅडम आहे, ती त्या तीन पुडांवर उभी आहे. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती.

तर, खोट्या बातमीतून एक बरं झालं. संजयने ग्रुपवर लिहिलं, "मेल्यावर एवढं चांगलं बोलतो, तर जिवंतपणी एकदा भेटू." दिंडोरीजवळ तो सासरवाडीची द्राक्षबाग सांभाळतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या पॅकिंग शेडमध्ये जमायचं ठरलं. द्राक्षं निघायला अवकाश होता, शेड रिकामी होती. एका भिंतीला छतापर्यंत रचलेले प्लॅस्टिकचे क्रेट आणि मधे सतरंज्या. भर दुपारीही आत गार होतं. बोललं की आवाज क्रेटमधून फिरून मागून परत यायचा.

तू मधोमध बसून मोबाइलवरचे शोकसंदेश वाचून दाखवत होतीस.

"हे ऐका. संजय म्हणतो, 'वर्गाचा मंजुळ आवाज हरपला.' का रे घरजावया, शाळेत मला भोंगा कोण म्हणायचं?"

"गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये, असं गुरुजींनी शिकवलंय," संजय म्हणाला.

"मग आता बोल. आता मी आहे."

"भोंगा," संजय म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

बाकीचे एकमेकांना विचारत होते, काय करतोस, मुलं किती, घर कुठे घेतलं. तुला त्यात रस नव्हता. तू प्रत्येकाला एकच विचारलंस. दहावीचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंस? एवढ्या वर्षांत काय काय झालं, ते सगळं त्या एका सकाळीत असतं, असं तुझं म्हणणं. संजय म्हणाला, बापाने पहाटे उठवून कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसवलं, तो अजून उतरलो नाही. मी म्हणाले, आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात कांदे खांडायला, पात कापायला गेले, आणि संध्याकाळी हाताचा वास घेऊन ठरवलं की पुढे शिकायचं. तू म्हणालीस, "मला पाहायला आले होते. डोक्यात भूगोलच होता. त्यांनी नाव विचारलं तर मी आसनक्रमांक सांगणार होते."

सगळे हसत असताना दारात हिरामण येऊन उभा राहिला.

हिरामण म्हणजे आपल्या वर्गातला सुरगाण्याकडच्या डोंगरातला मुलगा, वसतिगृहात राहायचा. मधल्या सुट्टीत त्याची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी तू घ्यायचीस आणि तुझी बाजरीची त्याला द्यायचीस. त्याच्याकडे साधा फोन, म्हणून तो ग्रुपवर नव्हता. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. तुझ्याकडे बघत राहिला. हसला नाही.

"ये की रे!" तू म्हणालीस.

"शोभे," तो दारातूनच म्हणाला, "पाय दाखव."

"काय?"

"पाय दाखव आधी."

आम्हाला हसू फुटलं. तू लुगडं चिमटीत धरून दोन्ही पाय पुढे केलेस. "बघ, सरळ हायेत का उलटे? बघतोसच तर भेगा पण बघ."

हिरामणने वाकून पाहिलं, मन लावून. "सरळ हायेत," म्हणाला, आणि तुझ्यापासून लांब, क्रेटना टेकून बसला.

मग उलगडा झाला. वैशाखात तू गेल्याचं संजयने त्याला फोन करून सांगितलं होतं. "मेल्याचं कळवलं रे मी," संजय कपाळाला हात लावत म्हणाला, "जिवंत असल्याचं कळवायचं राहून गेलं." हिरामणला वाटलं होतं, ही तुझी शोकसभा आहे. पिशवीत नागलीचं पीठ होतं. "तुझ्या पोरांसाठी आणलं," तो म्हणाला. "म्हटलं, आई नाय त्यांची आता."

तू ती पिशवी ओढून मांडीवर घेतलीस.

"शोभे, मी पितरांच्या अवसेला तुझा घास टाकला," हिरामण म्हणाला. "घरच्यांच्या घासाबरोबर. नागलीची भाकर, वर उडदाची आमटी. आमच्या म्हाताऱ्याच्या घासाला कावळं लवकर येत नाय, लय आळवावं लागतं. तुझ्या घासाला पहिल्या हाकेला आलं."

"नागलीची भाकर म्हणालास ना? मग उचलणारच," तू म्हणालीस. "मला किती आवडायची."

"तेच ना. घास ज्याचा त्याला पोचतो." तो तुझ्याकडे न बघता बोलत होता. "तू तर हितं हायेस. मग तो कुणाला पोचला?"

शेडमध्ये त्याचा शेवटचा शब्द क्रेटमधून फिरून परत आला. कुणीतरी घाईने म्हणालं, चला, फोटो काढू.

तो फोटो आता माझ्यासमोर आहे. तुझ्या डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. तिथे हिरामणला उभं केलं होतं, पण तो सरकला. "जवळ हो रे, खात नाही मी," असं तू म्हणालीस. तो म्हणाला, "तिच्याबरोबर कोणी आलं असंल, त्याला उभं राहायला नको का जागा?" आपण हसलो. फोटोत सगळे हसताहेत. तू मात्र त्या मोकळ्या जागेकडे बघते आहेस.

परतीच्या वाटेवर तू माझ्या गाडीत होतीस. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मावळतीचं ऊन, फवारणीचा उग्र वास. म्हसरूळ आलं तशी तू खिडकीची काच वर घेतलीस. मग म्हणालीस, "रंजे, पितरांच्या अवसेला मला जेवण गेलं नव्हतं."

"मग?"

"सगळ्यांचे डबे गेले, माझं ताट वाढलं. घास तोंडाशी नेला तर भूकच नाही. पोट भरलेलं. नुकतीच जेवून उठल्यासारखं. आणि जिभेवर नागली. आमच्या घरात कित्येक वर्षांत नागली आलेली नाही गं. मला तेव्हा काही कळलं नाही. आज कळलं."

"ॲसिडिटी असेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"असेल," तू समजूतदारपणे म्हणालीस.

"भीती वाटली?"

"नाही. उलट बरं वाटलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना वाढते. कुणीतरी आठवणीनं मला वाढलं, असं वाटलं." थोड्या वेळाने म्हणालीस, "आता तरी सांग, माझ्यासाठी रडताना काय म्हणाली होतीस?"

"तू गेल्यावर सांगेन," मी चेष्टेत म्हणाले.

"चालेल. तेव्हा निवांत असेन. डबे नसतील."

त्यानंतर थंडी पडली आणि तू गेलीस. शेवटच्या डब्याचं झाकण लावलंस, भिंतीला टेकलीस, आणि भाऊजींनी हाक मारली तेव्हा तू तिथे नव्हतीस. एवढंच मला सांगितलं गेलं आणि त्यापुढे मी विचारलं नाही.

ग्रुपवर कळवायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. मी लिहिलं. मग एकाने लिहिलं, "परत?" आणि पुढे हसरा चेहरा. लगेच ते पुसलंही. तिथे आता 'हा संदेश हटवला आहे' एवढीच ओळ आहे. या वेळी पणत्या आल्या नाहीत, फुलं आली नाहीत. सगळे चांगले शब्द मागच्या वेळीच वापरून झाले होते. संजयने मला फोन केला आणि नुसता श्वास घेत राहिला. ग्रुप उघडला की अजून तुझंच नाव वर दिसतं, ॲडमिन म्हणून. नवीन माणसाला आत घ्यायचं तर तुझी परवानगी लागते. संजयने ती जबाबदारी तू असतानाच घ्यायला हवी होती, पण तुझ्याकडे ती मागणार कोण?

दहाव्याला आम्ही गोदावरीच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. समोरच्या पिंपळावर कावळे होते, नव्हते असं नाही. एकही खाली उतरला नाही. भाऊजी पुढे होऊन म्हणाले, मुलांना शिकवीन, शाळा मधेच सोडायला लावणार नाही. मुलगी म्हणाली, आई, आजीला मी बघेन. माई म्हणाल्या, डबे बंद पडू देणार नाही गं, मी आहे तोवर चालवीन. कावळे मान वाकडी करून ऐकत होते.

हिरामण आला होता. माईंनी त्यालाच विचारलं, "तुझा घास तर घेतला ना रे तिनं?"

"घेतला. तेव्हा ती जिती होती," तो म्हणाला. "आता घेत नाय, म्हणजे कायतरी अडलंय. कुणाचं तरी ऐकायची थांबलीय."

माई माझ्याकडे वळल्या. "तू बोल गं. तिचा जीव होता तुझ्यावर."

मी पुढे गेले. सगळ्यांनी मला वाट करून दिली, मॅडम म्हणून. आणि मला काही बोलता आलं नाही. डोळ्यांत पाणीही आलं नाही. मी शास्त्र शिकवते, असं मी स्वतःला सांगितलं. घाटावर गर्दी आहे, माणसं जवळ आहेत, म्हणून पक्षी उतरत नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. विधी पुरा झाला. माई गवताच्या त्या कावळ्याकडे बघत राहिल्या.

परत निघताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, बोल लावतील. त्या म्हणाल्या, "रंजना, वैशाख ते थंडी, एवढे दिवस तिला तुझ्या रडण्याचे मिळाले. तेवढ्यात तुम्ही सगळी पोरं भेटलात. माझ्या फोनचा राग धरू नकोस." मी त्यांना कावळ्याच्या पिल्लांचं काही सांगितलं नाही. शोभे, त्या वादात मी तुझ्याशी हरले असं नाही. पण ते दिवस कुणाचे होते, असं आता कुणी विचारलं तर मला छातीठोक सांगता येणार नाही.

तर आता सांगते. कबूल केलं होतं.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून मी जे म्हणत होते, ते 'शोभे, कशी गं गेलीस' नव्हतं. मी म्हणत होते, "आता माझा डबा? आता माझा डबा?" मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, गावाकडच्या सुरात. मी, जी गेली कित्येक वर्षं स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. माझ्या शेजारच्या बाईंना काही कळेना. त्या कपाटातून माझी पिशवी घेऊन आल्या आणि पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मॅडम, हा बघा, इथेच आहे तुमचा डबा." मला त्याची लाज वाटत राहिली. मैत्रीण गेली आणि ही खाण्याचं रडते, असं तुला वाटेल, म्हणून सांगितलं नाही. आता वाटतं, तू हसली असतीस आणि भाऊजींना म्हणाली असतीस, बघा, मी म्हणत नव्हते?

हे लिहीत बसले त्यात दुपार कलली. आज सुट्टी आहे, घरात मी एकटी. सकाळी चहा घेतला, त्यानंतर काही नाही. आत्ता मधे उठून ताट वाढून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडाशी नेला.

भूक नाही, शोभे. पोट भरलेलं आहे. नुकतीच जेवून उठल्यासारखं.

मी ताट झाकून ठेवलं आणि परत इथे येऊन बसले. जिभेवर गूळ आहे. शेवटच्या घासाचा, थोडा विरघळलेला. आमच्या घरात गूळ नाही, मी उठून सगळे डबे उघडून पाहिले. घास ज्याचा त्याला पोचतो, असं हिरामण म्हणाला होता. इकडून तिकडे पोचतो, तसा तिकडून इकडे येतो का, ते मी त्याला विचारलं नाही. बाहेर कठड्यावर कावळा बसलाय की नाही, तेही मी उठून बघणार नाही.

मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी घाटावर तू जेवली नाहीस, आणि तू कशासाठी थांबतेस ते ठाऊक असलेली मी, तिथे गप्प उभी होते.

पोचला गं. डबा पोचला. आता तू बस जेवायला.